आगोटीची बेगमी आणि शिक्षकाची वही

कोकणात मृगापूर्वीच कुळीथ, आमसुले, सुकी मासळी, सरपण यांची बेगमी होते. पाऊस कोसळू लागल्यावर ती करता येत नाही. मनाचेही तसेच आहे. घरापासून दूर, द्विशिक्षकी शाळेवर राहणाऱ्या शिक्षकाने मन स्वस्थ असतानाच वहीत लिहून ठेवावे : कशाने उभारी येते, बिघाडाची पहिली खूण कोणती (झोप मोडणे, की मुलांवर विनाकारण चिडणे?), अशा वेळी कोणाकडे जावयाचे, वर्ग कोणाकडे सोपवावयाचा. खचलेल्या मनास हे सुचत नाही. यात दुबळेपणा कसला? २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या विनामूल्य शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक पहिल्या पानावर असावा. वही पेटीच्या तळाशी मात्र नको. ती कोठे असते हे सहकारी शिक्षकास ठाऊक असावे.