गुप्तरोगाचा इलाज: वसई-विरारकरांना किती पैसे पडतात?

विरार लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज'ची पत्रकं आपण सगळेच वाचतो, फक्त वाचताना दिसत नाही. परमा, गरमी, जांघेतली गाठ, सगळ्यावर एकच पुडी. या रोगांवरच्या इलाजाची अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. या पत्रकवाल्यांकडे फी आधी कळत नाही. 'कोर्स' सुरू होतो आणि रक्कम तुमची घाबरगुंडी बघून ठरते. तिकडे फिरकूच नका.

दुसरी वाट मेडिकलची. काउंटरवरची गर्दी ओसरली की हळूच, "खाली जळजळ होतेय, काहीतरी द्या ना." मग अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या दोन-तीन गोळ्या आणि एक ट्यूब, शंभर-दीडशेत काम. पण परम्याला बऱ्याचदा ही गोळी एकटी पुरत नाही, जंतू उलट निर्ढावतात. ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल तर खाज थांबते आणि नायटा मांडीभर पसरतो. (हो, जांघेतली खाज पुष्कळदा नुसता नायटाच असतो.) गरमीची जखम तर दुखतही नाही. काही आठवड्यांत आपोआप भरते, माणूस मलमाला श्रेय देतो आणि रोग अंगात तसाच राहतो.

आता फुकटची सोय. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत असतात. लक्षणं बघून डॉक्टर रंगीत पाकीट देतात: लघवीच्या जागेतून पू येत असेल तर करडं, पांढरं जात असेल तर हिरवं, पाण्याच्या फोडांना लाल. करड्या पाकिटात अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या जोडीला सेफिक्झिम असतं. मेडिकलमध्ये हीच जोडी राहून जाते. गरमीला पेनिसिलिनचं इंजेक्शन.

वसईचं सर डी. एम. पेटिट किंवा नालासोपाऱ्याचं तुळींज, या महापालिका रुग्णालयांत चौकशी करा. त्याआधी १०९७ वर फोन लावा. हेल्पलाइन मोफत आहे, जवळचं केंद्र कुठलं ते सांगतात. केसपेपरच्या खिडकीवर सगळी कहाणी सांगायची गरज नाही. "त्वचा विभाग" एवढं पुरे, बायकांनी "स्त्रीरोग". ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर फास्ट लोकलने मुंबई सेंट्रल गाठा, नायर रुग्णालय जवळच आहे. ट्रेनचा पास असतोच.

खासगीत त्वचारोगतज्ज्ञाची फी साधारण पाचशे ते हजार. गुप्तरोगही त्यांच्याच शिक्षणात येतात. भिंतीवरची डिग्री समजत नसेल तर नोंदणी क्रमांक विचारा. आपल्याकडे बोगस डॉक्टरांवर कारवाईच्या बातम्या काही नव्या नाहीत. लॅबवाले हजारोंचं 'एसटीडी प्रोफाइल' पुढे करतात. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते करू नका. बहुतेकांना सुरुवातीला व्हीडीआरएल (गरमीची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही पुरतात. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. २०१७ च्या कायद्यामुळे संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो.

जोडीदाराचं औषध मात्र हिशेबात धरा. एकट्यानेच गोळ्या घेतल्या तर रोग घरातून पुन्हा येतो आणि केसपेपर नव्याने काढावा लागतो. सुरक्षा क्लिनिकमध्ये जोडीदारालाही मोफत औषध मिळतं, तेव्हा दोघांनी जा. दोघांचे उपचार संपून आठवडा होईपर्यंत संबंध नकोत. एचआयव्हीचा पहिला निकाल निगेटिव्ह आला तरी धोका घडल्यापासून तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या.