उन्हाने बोंडअळीची जनुके उड्या मारतात का?

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो. उष्णतेने किड्यांमधली 'उड्या मारणारी जनुके' जागी होतात, असे वाचले. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद देईनाशी झाली ती त्यामुळेच का?
– एक कापूस उत्पादक, सावनेर (जि. नागपूर)

उत्तर : अळीत जनुकाची उडी असू शकते, पण दोष उन्हाचा नाही.

डीएनएचे काही तुकडे जागा बदलतात किंवा आपली नक्कल दुसरीकडे घुसवतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ते मक्यात शोधले. १९८३ साली त्यांना नोबेल मिळाले. कीटकांत फळमाशीवर सर्वाधिक काम झाले आहे. माशीला उष्णतेचा ताण दिला की 'कोपिया' या तुकड्याच्या आरएनए नकला वाढतात, हे १९८५ मध्येच दिसले. उलट कात टाकायला लावणारे इक्डायसोन हे संप्रेरक फळमाशीच्या पेशींना दिले, तर '४१२' आणि '१७३१' या तुकड्यांच्या नकला घटतात. याशिवाय पायआरएनए नावाचे बारीक रेणू या तुकड्यांवर पहारा ठेवतात. पण आरएनए वाढला म्हणजे उडी झालीच असे नाही. आणि झाली तरी ती बीजपेशीत व्हावी लागते, नाहीतर पुढच्या पिढीत उतरत नाही.

आता बोंडअळी. बीटीचे विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटते. ते जनुकच मोडले, तर विषाला धरायला जागा उरत नाही. अमेरिकेत तंबाखूवरील अळीत (२००१) आणि पुढे गुलाबी बोंडअळीतही उडता तुकडा नेमका या जनुकात घुसलेला सापडला. भारतातल्या गुलाबी बोंडअळीत हेच जनुक अनेक तऱ्हांनी मोडलेले आढळले आहे.

अशा मोजक्या अळ्या असतातच. वर्षानुवर्षे सगळीकडे बीटीच पेरल्याने बाकीच्या मेल्या, त्या उरल्या. बिगर-बीटी ओळी असत्या, तर तिथल्या साध्या पतंगांशी त्यांचा संकर होऊन पिल्ले विषाला बळी पडली असती. फरदडीने, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात राखल्याने, तर अळीला महिनोन् महिने खाणे पुरवले. गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये दिलेला फटका आपण विसरलेलो नाही.

म्हणून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सल्ला पाळा : फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत उपटा, कामगंध सापळे लावा. आणि उन्हाळी नांगरट करून त्याच मे महिन्याच्या उन्हाला जमिनीतले कोष भाजू द्या.