पंप एकदा लागला की सुटत नाही?

शिरोड्याला थंडी मुक्कामाला येत नाही, येऊन-जाऊन असते. पहाटे मतलई वारा सुटतो, माडाच्या झावळांवरून दव टपकतं. अकरा वाजले की स्वेटर नकोसा होतो, आणि दुपारी वेळागरकडून खारा वारा. त्यात काजू-आंब्याचा मोहोर, बागांतली फवारणी आणि सकाळी खळ्यात पेटवलेली पातेरी. थंड हवेत धूर वर चढत नाही, माणसाच्या नाकाच्या उंचीवर रेंगाळतो. दमेकऱ्याची छाती नेमकी याच दिवसांत भरते.

आणि याच दिवसांत मला रोज ऐकावं लागतं, "डॉक्टरानू, पंप नको हां. एकदा लागलो की मरेपर्यंत सुटाचो नाय."

पंपाची सवय लागत नाही. दमा मुक्कामाला असतो, म्हणून पंप लागतो. दम्याची जी गोळी तुम्ही बिनधास्त गिळता, त्या सालब्युटामॉलच्या एका गोळीत बहुधा ४ मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा. तेही थेट श्वासनळीत. गोळी अंगभर फिरते; हात थरथरतात, छाती धडधडते ती त्यामुळे.

गेल्या डिसेंबरात एक काकी पहाटे रिक्षातून आल्या. एका श्वासात दोन शब्द, पुढे नाही. दिवाळीनंतर बरं वाटलं म्हणून रोजचा पंप त्यांनी स्वतःच बंद केला होता आणि कुणा फिरत्या वैदूची पुडी सुरू केली होती. पुडीने महिनाभर छान वाटलं. चेहरा सुजला, साखर वाढली, तरी "गुण आला" म्हणून घरचे खूश. पुडी संपली आणि चार दिवसांत ही अवस्था. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड दडवलेलं असतं. ते एकाएकी तुटलं की जिवावर बेतू शकतं. काकी वाचल्या. पण उशाला कापूर-ओव्याची पुरचुंडी ठेवून घरच्यांनी रात्रीचे पाच तास घालवले होते, याचा मला अजून राग येतो. त्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढत नाही, मोबाइलवर कितीही वेळा आलं तरी.

आंब्याची पहिली फवारणी तुम्ही मोहोर येण्याआधी, पालवीवर करता. तुडतुडा दिसेपर्यंत थांबत नाही. रोजचा पंप तसाच, बरं वाटत असतानाही घ्यायचा. घेतल्यावर चूळ भरा. बंद करायचा की कमी करायचा, ते आपण दोघं मिळून ठरवू; अनेकांचा कमी होतोही.

मात्र बोलताना वाक्य तुटत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तातडीचा पंप घेऊनही दम उतरत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. मुलांच्या बाबतीत तर अजिबात थांबू नका. आणि दोन आठवड्यांवर गेलेला खोकला "हवा बदलली" म्हणून सोडून देऊ नका, थुंकी तपासून घ्या.

जत्रांचे दिवस आहेत. दशावतार बघायला खुशाल जा, अगदी पहाटेपर्यंत बसा. कानाला मफलर बांधा आणि तातडीचा पंप खिशात असू द्या, घरच्या फडताळात नको.