आधी डावा हात

तुंगार्ली, लोणावळा
आषाढ वद्य पंचमी

चि. सोनूस,


तळेगावहून पाठवलेला व्हिडिओ पाहिला. उजवा हात छान पळतो, डावा रेंगाळतो. दोष तुझा नाही, सवय पेटीची आहे. पेटीवर डावा हात भात्याला जुंपलेला असतो. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी एकट्या उजव्या हातावर मैफली रंगवल्या. पियानोवर मात्र दोन्ही हातांना काम असतं. म्हणून रोजची पहिली पंधरा मिनिटं फक्त डाव्याला दे.

पेटीवरची पांढरी एक म्हणजेच सी. तिथपासून सी मेजर वाजव. अंगठा १, करंगळी ५. वर जाताना डावा ५-४-३-२-१ असा चालतो, मग अंगठ्यावरून मधलं बोट पुढे येतं. उजव्यात उलट, १-२-३ झाले की मधल्या बोटाखालून अंगठा सरकतो. हा क्रम रोज बदललास तर हात कधीच बसणार नाही.

आता सुराबद्दल. पेटीचा सूर भात्यात हवा असेपर्यंत टिकतो. पियानोत तारेवर हातोडी पडली की लगेच तो विरू लागतो. म्हणून लेगाटो लिहिलं असेल तिथे पुढची पट्टी दबेपर्यंत आधीची धरून ठेव. स्टकाटो असेल तर चटकन सोड. लेगाटो जमत नाही म्हणून पेडल दाबून वेळ मारून नेऊ नकोस. क्रेशेंडोत आवाज चढवायला इथे भाता नाही. पट्टी जितकी वेगाने खाली जाते तितका आवाज मोठा. तेव्हा कीबोर्ड घेतलास तर वजनदार पट्ट्यांचा घे, जमल्यास पूर्ण ८८ पट्ट्यांचा.

आख्खा तुकडा पुन्हापुन्हा वाजवणं हा रियाज नव्हे. तबलजी आधी ठाय पक्की करतो, मग दुगुणीला हात घालतो, तसंच कर. अडणारे दोनच बार घे, मेट्रोनोम ६० वर लाव, आकडे मोठ्याने मोज. सलग तीनदा बिनचूक आलं तरच ६४. चुकलीस की दर वेळी पहिल्यापासून सुरू करू नकोस. त्याने सुरुवात घोटून पक्की होते आणि शेवट कच्चा राहतो. उलट शेवटचे चार बार आधी बसव.

इथल्या पावसाने माझ्या पियानोचं लाकूड फुगलंय, दोन पट्ट्या अडकतात. पाऊस ओसरला की ट्यूनरला बोलावते. मग लोकलने ये. मी आधी डावा हात ऐकेन.

तुझी,
आत्या