शर्ली : आडनाव की मुलीचं नाव?

प्रश्न : सासूबाईंच्या आठवणीसाठी मुलीचं नाव शर्ली ठेवायचं आहे. पण ‘हे तर इंग्रजांचं आडनाव, तेही पुरुषी,’ असं नात्यातले म्हणतात. बाप्तिस्म्याला अडचण येईल का?
– एक वाचक, वसई

उत्तर : नातेवाईक म्हणतात ते निम्मं खरं आहे. शर्ली हे मुळात गावाचं नाव; डर्बीशायर, हॅम्पशायर इथे ते आजही सापडतं. गावावरून आडनाव पडलं. जुन्या इंग्रजीत ‘ली’ म्हणजे रानातली मोकळी जागा. आधीच्या भागाचा अर्थ बहुधा ‘उजळ’ असा घेतात. १८४९ साली शार्लट ब्राँटेची ‘शर्ली’ ही कादंबरी आली. मुलगा हवा असलेल्या आईवडिलांनी तिच्या नायिकेला घराण्यातलं हे पुरुषी नाव दिलेलं असतं. तिथून ते मुलींकडे आलं आणि १९३०च्या दशकात बालनटी शर्ली टेम्पलमुळे घरोघरी पोचलं. आजीचं नाव नातीला, यात कसला संकोच? निर्धास्त ठेवा.

बाप्तिस्म्याला संताचंच नाव हवं, अशी सक्ती कॅथलिक धर्मकायद्यात नाही. ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावं, एवढंच. हवं तर जोडीला मारिया लावा. मात्र जन्मदाखला आणि चर्चची नोंदवही, दोन्हीकडे स्पेलिंग अक्षरन् अक्षर एकच असू द्या. शेवटच्या ‘वाय’आधीचं ‘ई’ एकीकडे राहून गेलं, तर पुढे कागदपत्रांसाठी हेलपाटे पडतात.