कंबरेचा शेक आणि पैशाचा हिशेब

रोवणी आटोपत आली, की भंडारा जिल्ह्यात कंबरदुखीचा हंगाम सुरू होतो. महिनाभर बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे रोवलेल्या बाईला शेजारीण सांगते, "मशीन लावून घे वो बाई, बरं वाटते." मग दहा दिवसांचं पॅकेज, रोजची एसटी, बुडालेली रोजी. एवढं करून मशीननं नेमकं काय केलं, हे कुणी सांगत नाही. माझं मत आधीच सांगतो: फिजिओथेरपीत पैसे मोजायचे ते तपासणीचे आणि व्यायाम शिकवण्याचे. शेक तर घरीही देता येतो.

सुरुवात फुकटापासून करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तुमसर आणि साकोलीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत; तिथे फिजिओथेरपिस्ट कोणत्या दिवशी बसतात, हे निघण्याआधी विचारून घ्या. भंडाऱ्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. वैद्यकीय शिक्षण विभागाचं दरपत्रक वेगळं असतं, म्हणून तिथल्या खिडकीवर आधी फी विचारलेली बरी. महात्मा फुले योजनेचं कार्ड मात्र इथे फारसं कामाचं नाही. ती योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे.

खासगीत दर गावागणिक बदलतो. समजा, एका बैठकीचे ३०० रुपये सांगितले. दहा बैठकांचे ३,००० झाले. लाखांदूर किंवा पवनीहून रोज भंडाऱ्याला येणार असाल तर प्रवास त्यावर. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धं आणि पंचाहत्तरीपुढे फुकट. आधार कार्ड विसरू नका. पण दहा दिवसांची मजुरी कुठलंच कार्ड भरून देत नाही. म्हणून एकदम दहा दिवसांचे पैसे भरू नका. दोन बैठका घ्या, घरी करायचे व्यायाम नीट शिकून घ्या, आठवड्याने पुन्हा दाखवा. हे ऐकून समोरचा नाराज झाला, तर तेही कळलेलं बरं.

आता शेकाविषयी. क्लिनिकमधला हॉट पॅक म्हणजे ७०-७५ अंशांच्या पाण्यात ठेवलेली जाड पिशवी. ती टॉवेलच्या सहा-आठ घड्यांत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवतात. त्या उष्णतेचा जोर कातडीखाली सेंटिमीटरभरच पोचतो. घरची रबरी पिशवी साधारण दोन-चारशे रुपयांना मिळते आणि तेच काम करते. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी तर जवळजवळ फुकट. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणं घटकाभर दबतं. त्याच घटकेत व्यायाम उरकायचा, शेकाचा खरा उपयोग तो. शेक घेऊन आडवं पडलं, की पैसे गेले.

पाय मुरगळला, ताजी सूज आहे, जागा गरम लागते, तर पहिले दोन दिवस शेक नको. बर्फ दहा-पंधरा मिनिटं. फ्रिज नसेल तर मासळी बाजारातून दहा रुपयांचा बर्फ आणा (तलावांच्या या जिल्ह्यात त्याची काय वाण!), फोडून ओल्या फडक्यात बांधा. वितळता बर्फ शून्य अंशावरच राहतो. फ्रीझरमधली जेलची पिशवी त्याहून बरीच थंड असते आणि थेट लावली तर कातडी भाजते. बर्फाचं माहात्म्यही आता ओसरलंय. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हा चौकडीचा मंत्र १९७८ मध्ये देणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. म्हणून दुखणं दाबण्यापुरताच वापरा.

इथे दोन गोष्टी खास आपल्या भागासाठी सांगायच्या. पूर्व विदर्भात सिकलसेल बरंच आहे. सिकलसेलच्या रुग्णाला थंडीने दुखण्याचा झटका येऊ शकतो, म्हणून त्याला बर्फ लावू नये. आपल्याला सिकलसेल आहे हे आधीच सांगा. दुसरी गोष्ट बधिरपणाची. कुष्ठरोगाने किंवा जुन्या मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही आणि शेकाने फोड येतात. चांगला फिजिओथेरपिस्ट एक गरम आणि एक थंड नळी लावून विचारतो, "कोणती कोणती?" हे न विचारता कुणी पॅक ठेवत असेल तर पाय मागे घ्या.

अल्ट्रासाउंडची फी लोक सगळ्यात आनंदाने देतात, कारण ती 'मशीन' असते. सोनोग्राफीसारख्याच ऐकू न येणाऱ्या लहरी, पण फोटोसाठी नव्हे, आतल्या पेशींना ऊब देण्यासाठी. एक मेगाहर्ट्झचा गोळा खोलवर पोचतो, तीनचा वरवर. जेल भरपूर हवं, कारण हवेची फट राहिली तर लहरी आत जातच नाहीत. आणि गोळा सतत फिरता हवा. एका जागी थांबला तर हाडाजवळ टोचल्यासारखं दुखतं. गर्भवतीच्या पोटा-कंबरेवर, कर्करोगाच्या जागी आणि डोळ्यांवर तो चालत नाही. कंबरदुखीसाठी मात्र ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्येच अल्ट्रासाउंड देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. खांद्याच्या स्नायुबंधात कॅल्शियम साठलं असेल तर गोष्ट थोडी वेगळी: १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्नातल्या चाचणीत २४ बैठकांनंतर आराम दिसला, पण नऊ महिन्यांनी फरक उरला नाही. आपल्या हिशेबाने ते ७,२०० रुपये. रोवणीच्या कंबरेसाठी मी तरी त्यातले तीनशेही देणार नाही.

उपचार देणाऱ्याची बीपीटी पदवी आणि नोंदणी क्रमांक भिंतीवर आहे का, ते पाहा. नसेल तर विचारायला लाजू नका. पावती मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित प्रथा आहे. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.