पडद्यावरील वार्ता आणि पडताळणीचे कर्तव्य

सूरह अल्-हुजुरातच्या प्रकाशात

सूरह अल्-हुजुरात ही दिव्य कुरआनची ४९वी सूरह. तिच्या आयती अवघ्या १८ आहेत. परंतु माणसांनी एकमेकांविषयी काय बोलावे, काय ऐकावे आणि ऐकलेले कसे पारखावे, यासंबंधीचे इतके सविस्तर मार्गदर्शन अन्यत्र क्वचितच एके ठिकाणी आढळते. तिच्या सहाव्या आयतीचा आशय असा आहे की, एखाद्या फासिकाने (मर्यादा सोडून वागणाऱ्याने) वार्ता आणली तर श्रद्धावंतांनी ती नीट पडताळून पाहावी; नाहीतर अजाणतेपणी एखाद्या लोकसमूहाला इजा पोहोचेल आणि मग केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप करण्याची वेळ येईल. या पडताळणीलाच ‘तबय्युन’ असे म्हणतात.

या आयतीच्या संदर्भात कुरआनच्या भाष्यकारांनी बनू मुस्तलिक टोळीचा प्रसंग नोंदविला आहे. या टोळीने इस्लामचा स्वीकार केला होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्याकडून जकात गोळा करण्यासाठी एका व्यक्तीला पाठविले. प्रतिनिधी येत आहे हे कळताच टोळीचे लोक त्याच्या स्वागतासाठी वस्तीबाहेर आले. त्या व्यक्तीचे व या टोळीचे पूर्वी वैर होते. समोरून येणारा जमाव पाहून तिच्या मनात भय दाटले. ती वाटेतूनच परतली आणि लोकांनी जकात नाकारली असून ते जिवावर उठले आहेत, अशी वार्ता तिने मदीनेत दिली. कारवाईची वेळ येऊन ठेपली होती. परंतु चौकशीअंती सत्य उघड झाले आणि एक निरपराध टोळी संकटातून वाचली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या व्यक्तीच्या डोळ्यांनी पाहिले ते खरेच होते. माणसे खरोखरच बाहेर आली होती. चूक झाली ती अर्थ लावण्यात. मनात आधीच भय व पूर्वग्रह असल्यामुळे स्वागताला आलेली माणसे चाल करून येणारी वाटली. आजच्या काळात चित्रपट आणि दूरचित्रवाणी मुस्लिमांविषयी आणि एकूणच आशियाई लोकांविषयी जे दाखवितात, ते समजून घेण्यासाठी हा प्रसंग फार उपयोगी आहे. चित्रपट पाहणे वैध की अवैध, ही चर्चा येथे अभिप्रेत नाही. ज्यांनी कधी चित्रगृहाची पायरी चढलेली नाही, त्यांच्याविषयीही पडदा जगाला काहीतरी सांगत असतो. म्हणून हा प्रश्न सर्वांचाच आहे.

पडदा काय सांगतो?

जॅक शाहीन हे अमेरिकेतील एक अभ्यासक होते. लेबनॉनहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हॉलिवूडने अरब लोकांचे चित्रण कसे केले, याचा शोध घेण्यात त्यांनी आपले आयुष्य घालविले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात मूकपटांच्या काळापासूनच्या ९०० हून अधिक चित्रपटांचा परामर्श आहे. कामांध शेख, रानटी टोळीवाला, बॉम्ब बाळगणारा माथेफिरू, बुरख्यातील मूक स्त्री, असे मोजकेच साचे त्यांना पुन्हा पुन्हा आढळले. अरब माणूस सर्वसामान्य पिता, शिक्षक, डॉक्टर किंवा शेजारी म्हणून जवळजवळ दिसलाच नाही.

पुढे २०२१ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अ‍ॅनेनबर्ग संस्थेने अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील २०१७ ते २०१९ या काळातील २०० लोकप्रिय चित्रपट तपासले. त्यांत संवाद असलेली पात्रे ८,९६५ होती. त्यांपैकी मुस्लिम केवळ १.६ टक्के. १८१ चित्रपटांत तर संवाद बोलणारे एकही मुस्लिम पात्र नव्हते. जगाच्या लोकसंख्येत मुस्लिम सुमारे एक चतुर्थांश आहेत, हे ध्यानात घेतल्यास या आकड्यांचा अर्थ कळतो. जी थोडी पात्रे होती, त्यांतील सुमारे एक तृतीयांश हिंसा करणारी आणि निम्म्याहून अधिक हिंसेला बळी पडणारी होती. म्हणजे मुस्लिम एकतर दिसत नाही, आणि दिसलाच तर मारताना किंवा मरताना दिसतो.

ब्रिटिश अभिनेते रिझ अहमद यांनी मार्च २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेत केलेल्या भाषणात याच प्रश्नाकडे लक्ष वेधले. ज्या तरुणांना राष्ट्राच्या कथेत आपले स्थान सापडत नाही, ते ते स्थान अन्यत्र शोधू लागतात आणि अतिरेकी प्रचारकांना आयते सावज मिळते, असा त्यांचा इशारा होता. त्या भाषणापासून प्रेरणा घेऊन पुढे पाच प्रश्नांची एक कसोटी तयार झाली. मुस्लिम पात्राचा संबंध दहशतवादाशी जोडला आहे काय? ते अकारण संतापी दाखविले आहे काय? अंधश्रद्ध वा मागासलेले आहे काय? पाश्चात्त्य जीवनपद्धतीला धोका म्हणून रंगविले आहे काय? पुरुष असल्यास स्त्रीद्वेष्टा आणि स्त्री असल्यास पुरुषांच्या जाचाखाली पिचलेली आहे काय? एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तर ती कलाकृती कसोटीला उतरली नाही असे मानावयाचे. या प्रश्नांतून पडद्याची सवय नेमकी कळते.

पडताळणीविना उभारलेले जग

ही सवय केवळ द्वेषातून येते असे म्हणता येणार नाही. पुष्कळदा तिच्या मुळाशी अज्ञान असते आणि अज्ञान दूर करण्याची तसदी न घेणे असते. ‘होमलँड’ या अमेरिकन मालिकेचे उदाहरण बोलके आहे. तिच्या पाचव्या पर्वाचे चित्रीकरण बर्लिनमध्ये चालू होते. सीरियन निर्वासितांच्या छावणीचा देखावा खरा वाटावा म्हणून भिंतींवर अरबी मजकूर रंगविण्याचे काम काही कलावंतांना देण्यात आले. त्यांनी भिंतींवर हीच मालिका वंशद्वेषी असल्याचे अरबीत लिहून ठेवले. निर्मात्यांपैकी कोणीही ते वाचून पाहिले नाही आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये ते दृश्य तसेच प्रक्षेपित झाले. ज्यांच्याविषयी वर्षानुवर्षे कथा सांगितल्या, त्यांच्या लिपीतील एक ओळ वाचून घेण्याची गरजही निर्मात्यांना वाटली नाही. तबय्युनचा अभाव यापेक्षा अधिक स्पष्ट कसा दाखविता येईल?

लहान मुलांसाठी काढलेले चित्रपटही यातून सुटलेले नाहीत. डिस्नेच्या १९९२ मधील ‘अलादीन’ चित्रपटाच्या पहिल्याच गीतात अरब भूमीचे वर्णन कान कापणाऱ्यांचा रानटी प्रदेश असे होते. अरब-अमेरिकन संघटनांनी आक्षेप घेतल्यावर १९९३ साली घरगुती व्हिडिओ प्रतीत कान कापण्याचा उल्लेख बदलण्यात आला. ‘रानटी’ हा शब्द मात्र तसाच राहिला. शांतपणे, पुराव्यानिशी घेतलेल्या आक्षेपाचा परिणाम होतो, आणि तो बहुधा अर्धवटच होतो, या दोन्ही गोष्टी या उदाहरणावरून शिकता येतात.

आशियाई लोकांची थट्टा हा याच सवयीचा दुसरा प्रकार. १९६८ च्या ‘द पार्टी’ चित्रपटात पीटर सेलर्स या इंग्रज नटाने चेहरा सावळा रंगवून भारतीय माणसाची भूमिका केली. १९७७ साली सुरू झालेल्या ‘माइंड युवर लँग्वेज’ या ब्रिटिश मालिकेत पाकिस्तानी मुस्लिम व भारतीय शीख एकाच वर्गात इंग्रजी शिकताना दाखविले. त्यांचे उच्चार व त्यांचे आपसांतील भांडण हाच विनोदाचा विषय. सूरह अल्-हुजुरातची अकरावी आयत एका समूहाने दुसऱ्या समूहाची टर उडवू नये असे सांगते, स्त्रियांनाही तेच वेगळे बजावते आणि वाईट नावे ठेवण्यास मनाई करते. ज्यांना हसले जाते ते हसणाऱ्यांपेक्षा श्रेष्ठही असू शकतील, हे त्यामागील कारणही ती देते.

अशा चित्रणाने होणारी इजा कल्पित नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर चारच दिवसांनी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात मेसा येथे पेट्रोल पंप चालविणाऱ्या एका शीख गृहस्थाची गोळ्या घालून हत्या झाली. दाढी आणि पगडी एवढ्यावरून मारेकऱ्याने त्यांना शत्रू ठरविले. ते मुस्लिम असते तरीही तो अपराध तेवढाच घोर होता. परंतु माणूस ओळखण्याऐवजी साचा ओळखण्याची सवय जडलेला डोळा किती आंधळा होतो, हे या घटनेने दाखविले. अजाणतेपणी लोकसमूहाला इजा पोहोचण्याविषयी आयतीत दिलेला इशारा तो हाच.

आपल्या भूमीतील पडदा

आपल्या हिंदी चित्रपटाचा इतिहास निराळा आहे. येथे मुस्लिम लेखक, कवी, संगीतकार व कलावंत आरंभापासून आहेत. तरीही पडद्यावरील मुस्लिम बराच काळ शेरवानीतील नवाब, कोठीवरील गायिका किंवा प्राण पणाला लावणारा दिलदार मित्र एवढाच राहिला. ‘शोले’मधील अंध इमाम साहेबांसारखी पात्रे आदरणीय खरी, परंतु त्यांचे अस्तित्व त्यागापुरतेच. १९९० नंतर गुन्हेगारी टोळ्या व दहशतवाद यांच्या कथा वाढल्या आणि मित्राची जागा पुष्कळदा संशयिताने घेतली. देवदूत असो वा सैतान, दोन्ही चित्रांत साधा माणूस हरवतो. म्हणूनच एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ आजही महत्त्वाचा वाटतो. फाळणीनंतर आग्र्यातील एक जोडे बनविणारा कारखानदार, त्याचे हातचे जाणारे घर, न मिळणारे कर्ज आणि मुलाची बेकारी एवढीच त्याची कथा. अशांतता माजेल या धास्तीने त्याचे प्रमाणपत्र काही महिने अडले. प्रत्यक्षात प्रेक्षकांना त्यात एक माणूस दिसला.

महाराष्ट्रातील मुस्लिमांना तर हा अनुभव दुहेरी आहे. कोकणातील अनेक मुस्लिम घरांत कोकणी बोली नांदते. पश्चिम महाराष्ट्रात व विदर्भात शेती करणारा, मराठीत व्यवहार करणारा मुस्लिम गावोगावी आहे. पडद्यावरील मुस्लिम मात्र बहुधा एकाच ठराविक हिंदी-उर्दूत बोलतो. आपल्या मातीची बोली बोलणारा मुस्लिम पडद्यावर दिसला तरच शेजाऱ्याला तो शेजारी वाटेल.

तराजूचे दुसरे पारडे

येथवर आपण दुसऱ्यांचे माप घेतले. परंतु तबय्युनचा आदेश सर्वप्रथम श्रद्धावंतांनाच दिलेला आहे. मुस्तफा अक्काद या हलब (अलेप्पो) येथे जन्मलेल्या दिग्दर्शकाने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळावर ‘द मेसेज’ हा चित्रपट १९७६ साली पूर्ण केला. त्यात प्रेषितांना (स.) कोठेही दाखविलेले नाही, त्यांचा आवाजही ऐकविलेला नाही. अँथनी क्विन यांनी हजरत हमजा (रजि.) यांची भूमिका केली होती. तरीही अफवा पसरली की चित्रपटात प्रेषितांचे (स.) चित्रण आहे. मार्च १९७७ मध्ये वॉशिंग्टन येथे एका सशस्त्र गटाने शंभराहून अधिक लोकांना ओलीस धरले. चित्रपटाचे प्रदर्शन थांबवावे ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. या प्रकारात एक तरुण पत्रकार ठार झाला. चित्रपट न पाहता, ऐकीव वार्तेवरून ही मागणी केली गेली आणि ती इस्लामच्या नावाने केली गेली. पुढे २००५ साली अम्मान येथील हॉटेलांवर झालेल्या बॉम्बहल्ल्यांत स्वतः अक्काद व त्यांची कन्या मृत्युमुखी पडले. इस्लामची ओळख जगाला करून देण्यासाठी झटलेला हा माणूस इस्लामचे नाव घेणाऱ्यांच्याच हिंसेचा बळी ठरला. जे पडद्यावरील खोट्या चित्राला खरे ठरविण्याचे कृत्य करतात, त्यांचा निषेध आपण चित्रकारांपेक्षा कमी आवाजात करू शकत नाही.

सूरह अल्-माइदाच्या आठव्या आयतीत आदेश आहे की, एखाद्या समूहाच्या वैरामुळेही न्यायाचा मार्ग सोडू नये. न्याय हाच ईशपरायणतेला अधिक निकट आहे. म्हणून इतर धर्मीयांविषयी, इतर जातींविषयी आपल्या बैठकींत जे किस्से सांगितले जातात, मोबाइलवर आलेल्या ज्या चित्रफिती आपण क्षणार्धात पुढे धाडतो, त्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आली आहे. ती वाचून आपण प्रथम आपल्या हातातील यंत्राकडे पाहावे.

या अभ्यासातून घ्यावयाचा बोध

पहिली गोष्ट घरातील. मुले पडदा पाहतातच. तेव्हा त्यांच्याबरोबर बसून विचारावे की, हे पात्र आपल्या आजोबांसारखे, मोहल्ल्यातील शिक्षकासारखे वाटते काय? नसेल तर का नाही? असा प्रश्न विचारायला शिकलेले मूल स्वतःविषयी लाजत नाही आणि सूडानेही पेटत नाही.

दुसरी गोष्ट आक्षेपाची. कलाकृती स्वतः पाहिल्याशिवाय किंवा विश्वासू जाणकाराकडून खातरजमा केल्याशिवाय आक्षेप घेऊ नये. घ्यावयाचा तर लेखी, मुद्देसूद व सभ्य भाषेत घ्यावा. वाईटाचे निवारण उत्तमाने करण्याची सूरह हामीम अस्-सजदामधील शिकवण येथेही लागू आहे.

तिसरी गोष्ट निर्मितीची. आपल्या तरुणांनी लेखन, पत्रकारिता, छायाचित्रण ही क्षेत्रे मर्यादा सांभाळून आत्मसात करावीत. आपली कथा आपण सांगितली नाही तर ती दुसरा सांगेल, आणि त्याला जेवढे दिसले तेवढीच सांगेल.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी व सर्वांत परिणामकारक. सूरह अल्-हुजुरातच्या तेराव्या आयतीनुसार मानवाच्या जाती-जमाती परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत. ज्या शेजाऱ्याने आपल्या घरी ईदच्या दिवशी शिरखुर्मा घेतला आहे, आजारपणात आपली मदत अनुभवली आहे आणि व्यवहारात आपला शब्द पारखला आहे, त्याला पडदा फसवू शकत नाही. बनू मुस्तलिकची माणसे स्वागताला बाहेर आली होती. आपणही बाहेर यावे, आणि पाहणाऱ्याच्या मनात भय उरू नये इतके वरचेवर यावे.

सूरह बनी इस्राईलच्या छत्तिसाव्या आयतीत सांगितले आहे की, ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये. कान, डोळे व अंतःकरण या सर्वांविषयी विचारणा होणार आहे. कियामतच्या दिवशी ही विचारणा चित्र काढणाऱ्याला होईल, तशीच ते पाहून मत बनविणाऱ्यालाही होईल. अल्लाह आपल्याला सत्य पारखण्याची दृष्टी, न्यायाने बोलण्याचे धैर्य आणि आपल्या आचरणातून सत्याची साक्ष देण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.